लेथवर ठोकळा पक्का कसा धरायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाटणं, रवी, पाळण्याचे खांब, खुर्चीचे पाय, जिन्याच्या कठड्याचे दांडे अशा लांबट कातकामाबद्दल, म्हणजे लाकूड लेथ या यंत्रावर फिरवत पटाशीने घडवण्याबद्दल, येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाडगे आणि ताटल्या यांची धरण, म्हणजे लेथवरची पकड, वेगळी असते, त्यामुळे त्या इथे नाहीत. पटाशी कशी चालवायची हेही इथे सापडणार नाही. पण पटाशीचा दोष म्हणून जे प्रश्न आमच्याकडे येतात, त्यातले निम्मेअधिक शेवटी धरणीचेच निघतात.

१. ‘दोन सेंटरमध्ये धरणं’ म्हणजे नेमकं काय? अगदी मुळापासून सांगा.

लेथच्या डाव्या हाताला, मोटारीच्या बाजूला, हेडस्टॉक असतो. त्याच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे मोटारीने फिरणाऱ्या दांड्यात, पात्यांचं ड्राइव्ह सेंटर बसतं. ही पाती ठोकळ्याच्या टोकात रुततात आणि ठोकळा फिरवतात. उजव्या हाताला टेलस्टॉक असतो, तो पुढेमागे सरकतो. त्यातलं सेंटर दुसऱ्या टोकाला टेकू देतं आणि ठोकळा पात्यांवर दाबून ठेवतं. फिरवण्याचं काम त्याचं नाही.

म्हणजे इथे ठोकळ्याला स्क्रू नाही की जबडा नाही. दोन टोकांना दोन-चार मिलिमीटर रुतलेलं पोलाद आणि त्यामागचा दाब, एवढ्यावरच सगळं चालतं. टोकं नीट तयार केली तर ही धरण सहसा सुटत नाही. टोकं कशीतरी सोडली तर कितीही आवळलं तरी उपयोग होत नाही.

२. लाटण्यासाठी ठोकळा केवढा घ्यावा? आणि रेषा कुठल्या दिशेला?

रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, नेहमी लांबीच्या दिशेला, म्हणजे लेथच्या आसाला समांतर. ठोकळ्याच्या बाजूवर रेषा पाहा. ती एका कडेने शिरून मध्येच दुसऱ्या कडेला बाहेर पडत असेल, तर बारीक भाग तिथेच मोडणार. जाड पायाला असं लाकूड एखादवेळ चालून जातं. रवीच्या दांड्याला चालत नाही.

३५० मिमी लांब आणि ३२ मिमी जाड लाटण्यासाठी ३८ मिमी चौरस आणि साधारण ३९० मिमी लांब ठोकळा घ्या. दोन्ही टोकांना १५ ते २० मिमी लाकूड केवळ धरण्यासाठी असतं आणि शेवटी ते कापून टाकायचं असतं. हे लाकूड वाया गेलं म्हणून हळहळू नका. टोकाला जागाच सोडली नाही, तर सेंटरच्या खुणा लाटण्यावर राहतात आणि पटाशी पात्यांवर आदळते. बाजारात ‘दीड इंची’ म्हणून मिळणारी पट्टी रंधा मारल्यावर एक-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी भरते, तेही धरून चाला.

दोन्ही टोकं गुण्याने तपासून काटकोनात कापा. तिरपं टोक असेल तर चार पात्यांतली दोनच टेकतात.

३. मधला बिंदू कसा काढायचा? थोडा चुकला तर काय बिघडतं?

ठोकळा खरोखर चौरस असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन कर्ण ओढा, छेदतात तो मध्य. ठोकळा थोडा वाकडातिकडा असेल तर प्रत्येक बाजूपासून सारख्या अंतरावर चार रेघा मारा. मध्ये छोटा चौकोन उरतो, त्याचा मध्य घ्या. फांदी किंवा गोल दांडा असेल तर कंपासने वेगवेगळी वर्तुळं टाकून पाहा आणि आत मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ निवडा. सालीचा भाग त्यात धरू नका.

चुकीचा हिशेब सोपा आहे. बिंदू जेवढा सरकतो, त्याच्या दुप्पट जाडी कमी होते. ३८ मिमीच्या ठोकळ्यात मध्य २ मिमी चुकला तर गोल होईपर्यंत ३४ मिमीच उरतात. ३२ मिमीचं लाटणं त्यातून निघेल, पण जेमतेम. शिवाय सुरुवातीला ठोकळा लंगडतो आणि लेथ हादरतो. पूर्ण गोल करायच्या कामात एवढी चूक खपते. काही भाग चौकोनी ठेवायचा असेल तर अजिबात खपत नाही, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

बिंदू मिळाला की सेंटर पंचाने खोल खूण करा. साग, आंबा, कडुनिंब यांना एवढं पुरतं. शिसव, खैर, बाभूळ अशा कठीण लाकडात ३ मिमीच्या ड्रिलने ५-६ मिमी खोल भोक पाडा. नाहीतर मधलं टोक लाकडावर अडतं आणि पाती हवेतच राहतात.

४. ड्राइव्ह सेंटर दोन पात्यांचं घ्यावं, चार पात्यांचं, की ते दातेरी रिंगवालं?

लेथबरोबर बहुधा चार पात्यांचं येतं आणि रोजच्या कामाला ते ठीक आहे. टोक सपाट आणि काटकोनात असेल तर चारही पाती सारखी रुततात. टोक खडबडीत किंवा किंचित तिरपं असेल तर दोन पात्यांचं जास्त भरवशाचं, कारण दोन पाती कशीही बसली तरी दोन्ही टेकतात.

रिंगवाल्याला बारीक दात असतात आणि मधलं टोक स्प्रिंगवर असतं. ते लाकडात खोल घुसत नाही. पटाशी अडकली की ठोकळा जागच्या जागी थांबतो आणि सेंटर नुसतं फिरत राहतं. नवशिक्याने हेच घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे, महाग असलं तरी. चार पात्यांच्या सेंटरवर पटाशी अडकली तर ठोकळा थांबत नाही. मग पटाशी तरी उडते, नाहीतर लाकूड तरी फाटतं. ओल्या, मऊ किंवा भुसभुशीत लाकडात मात्र रिंगचे दात टोकाचा चुरा करतात, तिथे पातीच बरी.

सेंटरचा व्यासही पाहा. २५ मिमीचं सेंटर २० मिमीच्या दांड्याला लावलं तर पाती बाहेर डोकावतात आणि हात कापतात. बारीक कामासाठी १२-१३ मिमीचं छोटं सेंटर वेगळं ठेवा.

५. ड्राइव्ह सेंटर लाकडात बसवायचं कसं? लेथवर लावूनच हातोड्याने ठोकलं तर?

ठोकू नका. तो मार ठोकळ्यातून थेट स्पिंडलच्या बेअरिंगवर जातो. बेअरिंग एका दिवसात जाणार नाही, पण हळूहळू घरघर सुरू होईल आणि मग प्रत्येक कामावर बारीक लहरी उमटतील.

सेंटर लेथमधून काढा. ठोकळा जमिनीवर किंवा जाड फळीवर उभा करा आणि सेंटर बिंदूवर ठेवून लाकडी हातोड्याने दोन-तीन ठोके द्या. लोखंडी हातोडा वापरलात तर सेंटरच्या शेपटाचं तोंड पसरतं आणि मग ते स्पिंडलमध्ये नीट बसत नाही. पाती २-३ मिमी रुतली की पुरे. कठीण लाकडात कर्णाच्या रेघांवर करवतीने तेवढेच खोल काप घ्या आणि पाती त्यात बसवा. टोकावर आधीच एखादी बारीक चीर दिसत असेल तर पातं त्या चिरेच्या रेषेत ठेवू नका, थोडं फिरवून बसवा. पातं ही एक पाचरच आहे.

पाती बोथट झाली असतील तर त्यांच्या उताराच्या बाजूने कानस मारा. सगळ्यांची उंची सारखी राहिली पाहिजे.

६. सेंटर स्पिंडलमध्येच सैल होतं, हलतं. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा धुळीचा. सेंटरचं शेपूट निमुळतं असतं, त्याला मोर्स टेपर म्हणतात. छोट्या लेथवर १ नंबर आणि मध्यम लेथवर २ नंबर सर्रास दिसतो. हे निमुळतेपण इतकं सौम्य असतं की दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ असले तर नुसत्या घर्षणाने घट्ट बसतात. मध्ये लाकडाचा भुसा किंवा तेल आलं की बसत नाहीत. सेंटर लावण्याआधी शेपूट आणि स्पिंडलचं भोक दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. भोकात बोट घालायचं ते लेथ बंद असतानाच.

पुसूनही हलत असेल तर शेपटावर ओरखडे आहेत का पाहा. सेंटर आत फिरून आत खाचा पडल्या असतील तर टेपर साफ करणारा रीमर लागतो. तो वर्कशॉपवाल्याकडून फिरवून घ्या.

७. टेलस्टॉक किती आवळायचा? हा प्रश्न सगळ्यांना पडतो, पण आकडा कोणीच सांगत नाही.

कारण आकडा नाहीच. क्रम मात्र आहे.

टेलस्टॉक सरकवून सेंटर ठोकळ्यापासून बोटभर अंतरावर आणा आणि टेलस्टॉक लेथच्या पायाला पक्का करा. क्विल, म्हणजे चाकाने पुढे येणारी नळी, जितकी कमी बाहेर काढाल तितकी चांगली. लांब बाहेर आलेली क्विल थरथरते. आता चाक फिरवत टेलस्टॉकचं सेंटर बिंदूत घुसवा. दुसऱ्या हाताने ठोकळा सावकाश फिरवत राहा. आधी फिरणं मोकळं वाटतं, मग जड होतं, मग पाती रुतल्याचं हाताला कळतं. तिथून आणखी पाव फेरा द्या आणि क्विलचं कुलूप लावा. हे कुलूप विसरणारे पुष्कळ आहेत, आणि कंपनाने चाक आपोआप मागे फिरतं ते त्यांच्याच लेथवर.

मग तपासणी. स्पिंडल एका हाताने धरा, ठोकळा दुसऱ्या हाताने पिळायचा प्रयत्न करा. पाती सरकायला नको. ठोकळा आडवा ढकलून पाहा. टेलस्टॉकच्या टोकाला खटखट आवाज यायला नको.

लेथ चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं लाकडाचे तंतू दबतात आणि धरण थोडी ढिली पडते. म्हणून कोपरे उडवून झाले की लेथ थांबवा आणि क्विल पुन्हा किंचित आवळा. आवळताना चाक सहज अर्धा फेरा गेलं, तर याचा अर्थ सुरुवातीला पाती नीट बसली नव्हती.

जास्त आवळण्याचा तोटा जाड ठोकळ्यात दिसत नाही, बारीक दांड्यात लगेच दिसतो. दोन्हीकडून दाबलेला बारीक दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि मध्ये थरथरतो. काम बारीक होत जाईल तसा दाब कमी करत न्यायचा. पुष्कळ जण नेमकं उलट करतात. थरथर दिसली की आणखी आवळतात, आणि थरथर वाढते.

८. माझ्या लेथला टेलस्टॉकचं सेंटर फिरत नाही. टोक काळं पडतं, धूर येतो.

ते डेड सेंटर. लाकूड त्याच्यावर घासत फिरतं आणि घर्षणाने जळतं. जळालेलं लाकूड आक्रसतं, मग धरण ढिली होते आणि दांडा लंगडायला लागतो. जमेल तर बेअरिंगवालं लाइव्ह सेंटर घ्या. लेथवर एकच गोष्ट नवी घ्यायची असेल तर हीच घ्या.

तोपर्यंत टोकाच्या भोकात मेण किंवा साबण भरा आणि वेग कमी ठेवा. डेड सेंटरला घट्ट आवळायचं नसतं. आवळा, मग चाक किंचित मागे घ्या, आणि दर थोड्या वेळाने मेण भरा. तेल घालू नका. ते रेषेतून आत जातं आणि पॉलिश बसत नाही.

९. काम चालू असताना ठोकळा थांबतो आणि ड्राइव्ह सेंटर आत फिरत राहतं. मधे भोकच पडलं आहे.

लेथ लगेच बंद करा. टेलस्टॉक नुसता आवळून पुढे जाऊ नका. पात्यांनी एव्हाना लाकडात गोल खळगा पाडलेला असतो आणि त्यात पकडायला काहीच उरलेलं नसतं. टोक ५-६ मिमी कापून नवं करा, बिंदू पुन्हा काढा, किंवा ठोकळा उलटा लावून दुसरं टोक ड्राइव्हला द्या.

कारण तीनपैकी एक असतं: पाती बोथट, क्विलचं कुलूप उघडं, किंवा एका वेळी पटाशीचा घास फार मोठा. तिसरं असेल तर धरणीला दोष देऊ नका. रिंगवाल्या सेंटरवर थांबणं हा दोष नाही, त्याचं कामच ते आहे (प्रश्न ४).

१०. सुरुवातीला वेग किती ठेवावा?

मिलिमीटरमधला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार चौकोनी ठोकळ्यासाठी ५०,००० च्या आसपास ठेवा. गोल झाल्यावर १,२०,००० पर्यंत न्या. चौकोनी ठोकळ्याचा व्यास म्हणजे त्याचा कर्ण. ४० मिमी चौरसाचा कर्ण जवळपास ५७ मिमी भरतो, म्हणून सुरुवात साधारण ९०० फेऱ्यांवर. १०० मिमीच्या पायासाठी गोल झाल्यावरही १,२०० च्या पुढे जायची गरज नाही. ठोकळा लांब असेल, असमतोल असेल किंवा लेथ हलका असेल तर याहून कमी. लेथ हादरून जागेवरून सरकायला लागला तर वेग जास्त आहे, एवढं समजण्यासाठी आकडेमोड लागत नाही.

११. चालू करण्याआधी काय काय पाहायचं?

टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची आडवी पट्टी, ठोकळ्याच्या सर्वांत बाहेर आलेल्या कोपऱ्यापासून एक-दोन सूत लांब ठेवा. उंची आसाच्या बरोबरीने किंवा किंचित खाली. मग ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. कुठेही टेकत नसेल तरच बटण. चकची (जबड्यांनी लाकूड पकडणाऱ्या साधनाची, प्रश्न १५) किल्ली लेथवर राहिलेली नाही ना तेही पाहा.

बटण दाबताना ठोकळ्याच्या समोर उभे राहू नका, एका बाजूला उभे राहा. तोंडावर पूर्ण शील्ड लावा, नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे काढा. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातली साखळी, मनगटावरचा राखीचा किंवा पूजेचा दोरा, यातलं काहीही फिरत्या लाकडाजवळ नको.

१२. कोपरे आधी तासून आठ बाजू करून घ्याव्यात का?

५० मिमीपर्यंत गरज नाही. त्याच्या वर, विशेषतः शिसव किंवा बाभूळ असेल तर, रंध्याने किंवा करवतीने कोपरे उडवून घेतलेले बरे. धरणीवर पडणारे धक्के निम्म्याहून कमी होतात.

१३. लांब बारीक दांडा मध्ये थरथरतो आणि त्यावर पीळ पडल्यासारख्या रेघा येतात. काय करू?

लांबी व्यासाच्या दहा-बारा पटींपेक्षा जास्त झाली की हे होतंच. ६०० मिमी लांब आणि २० मिमी जाड दांडा म्हणजे तीसपट. पहिल्यांदा टेलस्टॉकचा दाब थोडा कमी करून पाहा (प्रश्न ७). नुसत्या एवढ्याने निम्मी थरथर जाते.

पुढचा भाग आहे क्रमाचा. बारीक भाग शेवटी कातायचा, आणि तोही टेलस्टॉकच्या बाजूने हेडस्टॉककडे सरकत. जोपर्यंत मधला भाग जाड आहे तोपर्यंत त्याच्या आधाराने टोकाजवळची नक्षी पूर्ण करून घ्या. रवीचं उदाहरण घ्या. खालचं फुलाचं डोकं ६०-७० मिमी आणि दांडा १८-२० मिमी. डोकं हेडस्टॉककडे ठेवायचं. जड भाग पात्यांजवळ असला की पीळ त्याच्यावरच येतो. उलटं लावलं तर डोकं फिरवायचा सगळा पीळ बारीक दांड्यातून जातो, आणि पटाशी अडकली की दांडा तिथेच तुटतो. डोक्याच्या पाकळ्यांच्या खाचा कातकाम पूर्ण झाल्यावर करवतीने पाडा, आधी नाही.

एवढं करूनही थरथर राहिली तर मध्ये स्टेडी रेस्ट लावा. तीन छोट्या चाकांनी दांड्याला घेरणारी चौकट विकत मिळते. नाहीतर जाड प्लायला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून लेथच्या पायाला बांधा, खाचेला मेण लावा, आणि दांडा मागून तिच्यात टेकू द्या. टेकू जिथे द्यायचा तेवढी पट्टी आधी गोल करून घ्या. जुने कातारी डाव्या हाताची बोटं दांड्याच्या मागे धरून टेकू देतात. चांगलं जमतं, पण फक्त पूर्ण गोल झालेल्या दांड्यावर, आणि टूल रेस्ट व दांडा यांच्या फटीत बोट जाणार नाही अशा बेताने. चौकोनी ठोकळ्यावर हे कधीही करू नका.

१४. काम अर्धवट काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी लावलं तर लंगडतं.

पाती त्याच खाचांत बसली नाहीत. काढण्याआधी सेंटरच्या एका पात्यावर कानशीने खूण करा आणि लाकडावर त्याच्यासमोर पेन्सिलीने तशीच खूण करा. पुढच्या वेळी खुणेला खूण जुळवून लावा. तरीही लंगडत असेल तर लाकूड रात्रीत वाळून वाकलं आहे. असं लाकूड जाडसर गोल करून काही आठवडे ठेवून द्यावं आणि मग अंतिम मापाला कातावं.

१५. चकमध्ये धरलं तर जास्त पक्कं नाही का? मग सेंटरची कटकट कशाला?

एक टोक मोकळं हवं असेल तर चकच लागतो. कुंकवाचा करंडा आतून कोरायचा असेल, दांड्याच्या टोकाला भोक पाडायचं असेल, तर टेलस्टॉक वाटेत येतो. तेव्हा आधी दोन सेंटरमध्ये ठोकळा गोल करा, एका टोकाला चकच्या जबड्यांच्या मापाची खुंटी काता आणि तिचा खांदा अगदी काटकोनात ठेवा. खांदा जबड्यांच्या तोंडावर टेकला पाहिजे आणि खुंटी आत तळाला टेकता कामा नये. तळाला टेकलेली खुंटी डुलते. जबडे जवळजवळ मिटलेले असताना पकड सर्वांत चांगली असते, कारण तेव्हा त्यांचं वर्तुळ पूर्ण असतं.

नुसत्या दांड्यासाठी मात्र चक गैरसोयीचा आहे. चक टोकाला स्वतःच्या दिशेत आवळतो. ती दिशा टेलस्टॉकच्या बिंदूशी जुळली नाही की दांडा दोन्हींमध्ये वाकवून धरला जातो. दोन बिंदूंमध्ये दांडा आपसूक सरळ बसतो. शिवाय उलटापालटा करून पुन्हा लावता येतो.

चकमध्ये धरलेल्या दांड्यालाही शक्य तितका वेळ टेलस्टॉकचा टेकू द्या. आणि लोखंड कातणाऱ्या लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये चौकोनी लाकूड धरू नका. तीन जबडे चार बाजूंना कधीच सारखे पकडत नाहीत, आणि बाहेर आलेले जबडे मनगटाची वाट पाहत असतात. तिथे चार स्वतंत्र जबड्यांचा चक हवा.

१६. चीर, गाठ किंवा गाभा असलेलं लाकूड धरावं का?

टोकाची बारीक चीर कापून काढता येते. पूर्ण लांबीभर जाणारी चीर असेल तर ते लाकूड चुलीत. पातळ गोंदाने चीर भरून लेथवर लावणारे भेटतात, पण फिरत्या ठोकळ्यावर गोंदाचा भरवसा आम्ही ठेवत नाही. सैल गाठ फिरताना सुटून उडते. घट्ट गाठ मधल्या जाड भागात चालेल, बारीक मानेवर नको. ठोकळ्यात झाडाचा गाभा, म्हणजे वाढीच्या वलयांचं केंद्र, आलं असेल तर आज ना उद्या तिथून चीर जाणार.

ओलं लाकूड कातायला मजेचं असतं, पण सेंटर त्यात सतत आणखी रुतत जातं. दर काही मिनिटांनी धरण तपासावी लागते.

१७. देव्हाऱ्याच्या खांबाला वर-खाली चौकोन आणि मध्ये कातीव भाग हवा आहे. गोल भाग चौकोनाच्या मधोमध येत नाही.

इथे प्रश्न ३ मधली सूट संपते. अर्ध्या मिलिमीटरची चूकही डोळ्याला दिसते, कारण चौकोनाच्या चार बाजू शेजारीच असतात. ठोकळा आधी रंधून चारही बाजूंनी अचूक चौरस करा, मग बिंदू काढा, मग ३ मिमीचं भोक पाडा. नुसत्या पंचाच्या खुणेवर सेंटर रेषेच्या कडेने घसरतं.

ठोकळा लावल्यावर टूल रेस्ट कोपऱ्याच्या अगदी जवळ आणा आणि ठोकळा हाताने फिरवत चारही कोपऱ्यांचं अंतर पाहा. एका कोपऱ्याशी फट जास्त असेल तर सेंटर काढून बिंदू सरकवावा लागेल. चौकोन आणि गोल यांच्या सीमेवर आधी करवतीने हलका काप घ्या, नाहीतर कोपऱ्याची ढलपी उडते. चार खांब एकसारखे हवे असतील तर चारही एकदमच रंधून घ्या.

१८. ठोकळा दोन तुकडे चिकटवून केला आहे. सेंटर सांध्यावरच येतं.

दोन वेगळे प्रकार आहेत. तुकडे कायमचे चिकटवले असतील आणि गोंद पूर्ण वाळला असेल तर सांधा सहसा लाकडाइतकाच मजबूत असतो. फक्त पाती सांध्याच्या रेषेत येऊ देऊ नका. चार पात्यांचं सेंटर ४५ अंशात फिरवलं की प्रत्येक पातं सांध्यापासून दूर बसतं. गोंद लावून २४ तास तरी जाऊ द्या.

दुसरा प्रकार अर्धगोलाचा. कपाटाच्या कडेला किंवा चौकटीवर लावायचे अर्धे खांब हवे असतात, तेव्हा दोन तुकड्यांच्या मध्ये जाड कागद चिकटवतात आणि कातून झाल्यावर पटाशीने फोडून वेगळे करतात. हा सांधा फुटण्यासाठीच बनवलेला असतो, आणि टेलस्टॉकचं टोकदार सेंटर नेमकं त्याच्यावर पाचर मारतं. टोकदार सेंटरऐवजी कडा असलेलं वाटीसारखं सेंटर लावा. ते दोन्ही अर्ध्यांना एकत्र कवटाळतं. दोन्ही टोकांच्या जादा लाकडात आडवे स्क्रूही मारा, पण पटाशी तिथपर्यंत जाणार नाही इतक्या कडेला, आणि ती जागा पेन्सिलीने ठळक करून ठेवा. वेग नेहमीपेक्षा कमी.

१९. दिव्याच्या खांबात वायरीसाठी आधीच आरपार भोक आहे. सेंटर कुठे टेकवू?

दोन्ही टोकांना लाकडाच्या गोल बुचा ठोका, गोंदाशिवाय, आणि बुचांवर बिंदू काढा. मात्र ड्राइव्हची पाती बुचात नाही, बाहेरच्या लाकडात रुतली पाहिजेत. नाहीतर बूच फिरेल आणि खांब जागेवर राहील. टेलस्टॉककडे भोक लहान असेल तर शंकूसारखं सेंटर थेट भोकात बसतं आणि बाहेरची बाजू भोकाशी बरोबर जुळते. भोक मध्यावर नसेल तरीही कातकाम भोकाला धरूनच करावं. बाहेरून थोडं लाकूड जास्त गेलं तरी चालेल, एका बाजूची भिंत पातळ झालेली चालत नाही.

२०. लाखेची खेळणी करणारे कारागीर टेलस्टॉक वापरताना दिसत नाहीत. मग तो खरंच लागतो का?

कर्नाटकातल्या चन्नपट्टणसारख्या ठिकाणी विजेच्या लेथवर ठोकळ्याचं एक टोक निमुळत्या पोकळ नळीत ठोकून घट्ट बसवतात आणि दुसरं मोकळं सोडतात. काळ्या कुड्याचं हे मऊ, बारीक रेषेचं लाकूड आणि काम जेमतेम वीतभर लांब, म्हणून ते जमतं. मोकळ्या टोकावर गोलाई काढता येते, आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. त्यामागे हाताचा वर्षानुवर्षांचा सराव असतो. हाताच्या जुन्या धनुष्याच्या लेथवर मात्र लाकूड दोन लोखंडी सुळ्यांमध्येच असायचं. दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवायची आणि लाकूड पटाशीकडे येत असतानाच काप घ्यायचा. पाती तिथे लागतच नव्हती, कारण फिरवणारी दोरी होती.

वीतभर लांबीच्या वर गेलात की टेलस्टॉक हवाच.

२१. शेवटी टोकं लेथवरच कापून टाकू का?

पूर्ण कापू नका. दोन सेंटरच्या दाबाखाली असलेला दांडा शेवटच्या धाग्याशी आला की मिटतो, पटाशी चिमटते आणि तुकडा उडतो. लहान कामात ८-१० मिमी जाडीचं आणि जड पायात त्याहून जाड लाकूड राखा, पॉलिशपेपर आणि पॉलिश उरकून घ्या, मग लेथ बंद करून बारीक दातांच्या करवतीने कापा. टेलस्टॉककडचं टोक आधी बारीक करा, ड्राइव्हकडचं नंतर. आधी ड्राइव्हकडचं बारीक केलंत तर उरलेल्या कामाचा सगळा पीळ त्या बारीक मानेवर येतो.

२२. खुर्चीचा पाय खाली एका बाजूला वळलेला हवा आहे. दोन मध्यांवर धरतात म्हणे?

हो. दोन्ही टोकांच्या खऱ्या मध्यांवर आधी पूर्ण पाय गोल करायचा. मग फक्त टेलस्टॉककडचा बिंदू ६ ते १० मिमी बाजूला सरकवून पुन्हा लावायचा आणि खालचा भाग कातायचा. दोन्ही बिंदू अगदी सुरुवातीला, ठोकळा चौकोनी असतानाच, आखून आणि भोकं पाडून ठेवा. गोल झाल्यावर दिशा ठरवायला कडा उरत नाही. चार पायांसाठी बिंदू सरकवायची दिशाही आधीच टोकावर बाणाने दाखवा, नाहीतर एक पाय भलतीकडे वळतो.

दोन बिंदूंमध्ये निदान ६ मिमी अंतर हवं, नाहीतर सेंटर घसरून जुन्या भोकात जातं. जुन्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली तर तेही टळतं. सरकवलेल्या बिंदूवर ठोकळा असमतोल फिरतो, म्हणून प्रश्न १० मधल्या वेगाच्या निम्म्यावर सुरुवात करा आणि लेथ स्थिर उभा राहतोय असं दिसेपर्यंत वाढवू नका. ड्राइव्हकडे इथे रिंगवालं सेंटर नको. तिरप्या आसावर त्याचे दात एकाच बाजूने टेकतात. दोन पात्यांचं लावा.

२३. पेनच्या नळ्या मँड्रेलवर कातताना पेन अंडाकृती होतो. धरण तर घट्ट आहे.

घट्ट आहे म्हणूनच. मँड्रेल म्हणजे ६-७ मिमीची बारीक सळई. टोकाचा नट किंवा टेलस्टॉक जोरात आवळला की ती मध्ये वाकते आणि नळ्या वाकलेल्या आसावर कातल्या जातात. नट बोटांनी आवळा, पान्याने नाही. टेलस्टॉक नुसता टेकवा. नळ्यांची टोकं काटकोनात नसली तरी सळई तशीच वाकते, म्हणून आधी ती टोकं तासून घ्या आणि मग मधल्या रिंगा चढवा.